पोटावरचा वण

दगडाबाईचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. बाजारात मीठ घेतलं तरी आधी चिमूटभर जिभेवर टाकायची आणि मगच फडक्याला गाठ मारायची. पाव्हणा दोनाच्या जागी तीन दिवस राहिला की तिची नजर त्याच्या पिशवीवर. देवऋष्याच्या अंगात आलं की बाकीची माणसं हात जोडायची. ही हळूच त्याच्या पायाचा अंगठा दाबून बघायची, वारं खरं आहे की सोंग. आटपाडीकडच्या आमच्या माणसांनी तिला सोसलं, कारण दहात चार वेळा तिचा संशय खरा निघायचा. उरलेल्या सहा वेळा कुणीतरी नाहक भरडलं जायचं, पण त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

आता तिचा संशय सुनेच्या पोटावर येऊन बसला होता. बेंबीखाली वीतभर लांब, उभा, आवळून शिवलेल्या पोत्यासारखा एक वण होता. दगडाबाईनं तो सुनेला न्हाऊ घालताना बघितला आणि तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

सून म्हणजे हरणा, दगडाबाईच्या सख्ख्या भावाची लेक. आमच्यात मामाची मुलगी करायची रीत आहे. दगडाबाईनं भावाच्या उंबऱ्यावर बसून, "तुजी हरणी माज्या सिद्धूला दे, न्हाईतर मी हितनं उठत न्हाई," असं म्हणून ती मागून आणली होती. लग्नाला सहा वर्षं झाली आणि अजून मांडीवर मूल नव्हतं. सिद्धूचा चुलता नानासो हा आमच्या मेंढक्यांच्या तळाचा म्होरक्या. त्यानं शिमग्याला सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की आखितीला, अक्षय्य तृतीयेला, सिद्धूचं दुसरं लगीन. जतकडची पोरगी त्यानं बघूनही ठेवली होती. सरकारनं दोन बायका करायला बंदी केली होती म्हणे, पण कायदा काही मेंढरांमागं चालत येत नाही.

"वांझ मेंढी कोन कळपात ठेवतंय का, वयनी?" नानासो म्हणाला. "दोष कुनात हाय त्यो बघा, नि काय त्यो निकाल लावा."

दगडाबाईनं मनात हिशेब मांडला. दुसरी आली की हरणा माहेरी जाणार. हरणा माहेरी गेली की भावाचं दार दगडाबाईला बंद. आई-बाप गेल्यावर बाईला भाऊ तेवढा उरतो, आणि हा एकुलता एक. तिला लेकाचं घर भरायला हवं होतं आणि माहेरही तुटायला नको होतं. यातून सुटायचं तर दोष तिसऱ्याच कुणाचा तरी निघायला हवा होता. आणि असा तिसरा तिला सापडला होता. तो म्हणजे सांगलीचा दवाखाना.

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी, चीनच्या लढाईनंतरच्या हिवाळ्यात, आमचा तळ कुंडलला होता. दिवाळी सरली की मेंढरं कोरडा मुलूख सोडून कृष्णेकडच्या वावरांत बसायला येतात. शेतकऱ्याला खत मिळतं, आम्हाला धान्य. हरणाची पाळी चुकली होती आणि दगडाबाई मनातल्या मनात नातवाचं नाव ठेवून मोकळी झाली होती. एका सकाळी हरणा चुलीपुढं बसल्या बसल्या उजवी कूस धरून वाकली. दगडाबाईला आधी वाटलं, पाणी आणायचा कंटाळा. मग हरणाचे ओठ पांढरे पडले आणि ती आडवी झाली.

गुळाच्या ढेपा घेऊन सांगलीच्या पेठेत निघालेला एक ट्रक होता. त्या ढेपांवर घोंगडं टाकून तिला निजवलं. सिद्धू सोबत गेला. मेंढरं सोडून सगळ्यांना जाता येत नाही, म्हणून दगडाबाई मागं राहिली. जे तिनं डोळ्यांनी बघितलं नाही ते तिला कधीच पटत नसे, आणि दवाखान्यात काय झालं ते तिनं बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धू भाकरी आणि लुगडं न्यायला परत आला. सगळा तळ त्याच्याभोवती जमला.

"जगली," तो म्हणाला आणि खाली बसला. मग म्हणाला, "पोट फाडलं. पोर पिशवीत न्हवतंच. नळीत अडाकलं हुतं, नळी फुटली. ती काडून टाकली. दुसरी हाय म्हनं. डाक्टरीनबाई म्हनल्या, हुईल पोर."

"नि तुज्या हाताला काय झालं?" दगडाबाईनं विचारलं. त्याच्या कोपराच्या आत कापसाचा बोळा होता.

"रगत घेतलं. लय गेलं हुतं तिचं. माजं जुळलं. बाटलीभर काडून तिला लावलं. मी बगत हुतो, थेंब थेंब आत गेलं."

दगडाबाईला रात्रभर झोप नव्हती. जीव टांगणीला लागला की तिची जीभ मोकाट सुटायची. सून जगली हे ऐकल्यावर ती इतकी सैल झाली की तोंडाला येईल ते बोलली. "तुजं रगत तिच्यात? मग बायकू कसली रं आता ती? एका रगताची झालासा. भन म्हन तिला, भन!"

सगळा तळ खो खो हसला. बऱ्याच तासांनी हसायला मिळालं होतं. नानासोसुद्धा हसला. सिद्धूनं भाकरी फडक्यात बांधली आणि तो गेला.

हरणा बरी होऊन आली आणि आधीसारखी कामाला लागली. सिद्धू तर आधीपेक्षा गुणाचा झाला. पूर्वी रात्री मेंढरांच्या राखणीला जायचं म्हटलं की कुरकुरायचा, आता रोज घोंगडं आणि काठी घेऊन वाघरीपाशीच, मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, झोपायचा. दगडाबाई आल्यागेल्याला सांगायची, "माजा ल्योक लांडग्यावानी जागा असतोय. एक कोकरू गेलं न्हाई तवापासनं." असा लेक मिळाला म्हणून तिला अभिमान वाटे. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या बाईला या गोष्टीचा मात्र कधी संशय आला नाही.

संशय आला तो हरणाच्या न्हाण्याचा. ज्या मुलखात हंडाभर पाण्यासाठी बायका भांडतात, तिथं ही रोज न्हायची. तेही लिंबाचा पाला उकळून, अंग लाल होईपर्यंत घासून. दगडाबाई म्हणाली, "कुनासाठी गं एवडी घासतीस?" हरणा हंडा उचलून चालायला लागली. मग दगडाबाई दोन वेळा तिच्या पाठोपाठ विहिरीपर्यंत गेली, झुडपाआड बसली. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. हरणा पाणी घेऊन परत आली. तिच्या डोळ्यांत काही गेलं होतं किंवा ती रडली होती. दगडाबाईनं धूळ गेली असं धरलं.

एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. पोर काही होईना. तशात आटपाडीच्या बाजारात सरकारी जीप यायला लागली. पोरं कमी करा, आप्रेशन करून घ्या, बायकांनी लूप बसवून घ्या, असं कर्ण्यातून सांगायची. बाजारात एकाचं दोन व्हायला वेळ लागत नाही. कुणी म्हणालं, बाई नुसत्या तापानं दवाखान्यात गेली तरी हळूच नळ्या बांधतात. कुणी म्हणालं, आकडा भरायचा असतो वरच्या सायबाला. दगडाबाईनं मिठाच्या गाठीसारखी हीही गोष्ट पदरात बांधली आणि घरी आली. नळी काढली, असं सिद्धूच म्हणाला होता की नाही? एक काढली म्हणाले. दुसरी ठेवली कशावरून?

आता पुरावा हवा होता. गावात आप्रेशन केलेली एकच बाई होती, बनाबाई. बौद्धांच्या वस्तीतली. तिचा नवरा केरू माधवनगरच्या गिरणीत कामाला होता. सहा पोरांनंतर तिनं आप्रेशन करून घेतलं होतं आणि कुणापासून लपवलं नव्हतं. पावसाळ्यात मेंढरं गावी असताना एका दुपारी दगडाबाई तिच्या दारात जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

"दगडाबाई? वाट चुकला व्हय?" बनाबाई म्हणाली.

"न्हाई. काम हुतं. तुज्या पोटाचा वण बगायचाय."

बनाबाई मग हसली. "दावते की. पर आदी आत या. माज्या घरात कुनी उभ्यानं काम करून जात न्हाई. च्या घ्या, मग दावते."

बाईनं बरोबर नाडी पकडली होती. गावात अजून आमची माणसं त्या वस्तीत पाणी पीत नसत, आणि हे दोघींनाही ठाऊक होतं. दगडाबाईनं मागं बघितलं, रस्त्यावर कुणी नाही याची खात्री केली आणि आत जाऊन घोंगडीच्या टोकाला बसली. कपात चहा आला. तिनं आधी सवयीनं वास घेतला. बनाबाई बघत होती. दगडाबाईनं एका दमात कप रिकामा केला, तोंड भाजलं तरी बोलली नाही. साखर भरपूर होती, हे मात्र तिनं मनात कबूल केलं.

बनाबाईनं दार लोटलं आणि लुगडं सैल केलं. वण होता. बेंबीखाली, उभा, तसाच आवळून शिवलेला.

"अगदी तस्साच!" दगडाबाई ओरडली. तिला जणू चोर रंगेहाथ सापडला होता.

"कुनागत?"

"माज्या सुनंगत. बांदल्या त्यांनी! बांदल्या नळ्या!"

बनाबाईनं निऱ्या नीट केल्या. "आवं, पोट फाडलं की वण व्हायचाच. मला फाडलं नळ्या बांदायला, तिला फाडलं जीव वाचवायला. वरनं कातडं सारकंच दिसायचं. आत काय केलंय ते कातड्यावर लिवल्यालं नसतंय."

"तू कशाला त्यांची बाजू घेतीस?"

"मी कुनाची बाजू घेत न्हाई. मला आप्रेशनच्या आदी दोनदा इचारलं, नवऱ्याला इचारलं, मगच केलं. तुमी तिला इचारलं का कवा?"

"काय इचारायचं?"

"काय बी. बाय हाय ती, पोत्याची शिवन न्हाई."

दगडाबाईला राग आला. चहा पाजून वर शिकवतेय. ती तशीच उठली. पण बनाबाईच्या बोलण्यातलं एकच तिच्या कानात राहिलं, ते म्हणजे वण सारखाच आहे. माणूस संशयाला लागला की त्याला हवं तेवढंच ऐकू येतं.

त्या हिवाळ्यात तळ पुन्हा कुंडलला आला. शिमगा झाला, नानासोनं आखितीचं बोलून दाखवलं, आणि दगडाबाईनं ठरवलं, आता सांगली. डॉक्टरणीला सगळ्यांदेखत विचारायचं. ती कबूल झाली की नानासोला सांगायचं, दोष लेकात न्हाई आणि भाचीतही न्हाई, सरकारनं नाडलं. मग सरकारनंच नळ्या सोडवून द्याव्यात. बांधलेलं सोडवता येतं, एवढा तिचा सरळ हिशेब होता.

सिद्धूला बरोबर चल म्हटलं तर त्यानं मान खाली घातली. "मी कशाला? मेंढरं हायत." त्याचं हे टाळणं तिला खटकलं. पण तिचा संशय त्या वेळी दुसरीकडे इतका गुंतला होता, की तो लेकापर्यंत यायला वेळ नव्हता. तिनं त्याचं घोंगडं ओढलं आणि त्याला एस.टी.त बसवलं. हरणा खिडकीशी बसली. तासगाव गेलं, माधवनगरच्या गिरण्यांची धुराडी आली. हरणाच्या अंगाला लिंबाच्या पाल्याचा कडवट वास येत होता.

दवाखान्यात खूप वेळ बसावं लागलं. डॉक्टरणबाई तीच होती, केस थोडे पिकले होते. तिनं हरणाला ओळखलं नाही, पण वण बघून ओळखलं. "ही गुळाच्या ट्रकमधून आलेली ना? अर्धमेली होती." तिनं हरणाला आत नेलं, तपासलं. बाहेर आल्यावर खुर्चीत बसून हात पुसत म्हणाली, "सगळं बरं आहे. बोला, काय तक्रार?"

दगडाबाई याचीच वाट बघत होती. "तक्रार? तीन वरसं झाली, पोर न्हाई. तुमी नळ्या बांदल्या. मी वळखून बसलीया. वण मी ताडून बगितलाय, आमच्या गावच्या बनाबाईचा नि हिचा. योकच हाय!"

डॉक्टरणबाईला हसू आलं नाही. कदाचित असं तिनं आधीही ऐकलं असेल. "आजी, मी हिची एक नळी काढली, कारण ती फुटली होती. काढली नसती तर ही आज इथं नसती. दुसरी मी हात लावून बघितली होती. ती चांगली होती. अशा बायकांना नंतर मुलं होतात. सगळ्यांना नाही होत, पण पुष्कळांना होतात."

"मग हिला का न्हाई?"

"तेच विचारते. तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी न्हाई भाईर जायाची. माज्याफुडं इचारा. माजी भाची हाय ती."

डॉक्टरणबाईनं हरणाकडे बघितलं. हरणानं हलकेच मान हलवली, बसू दे म्हणून. मग डॉक्टरणबाईनं आवाज खाली आणून विचारलं, "नवरा जवळ येतो ना?"

हरणा फरशीकडे बघत होती. मग ती म्हणाली, "न्हाई."

"कधीपासून?"

"हितनं गेल्यापासनं."

वाघरीपाशी अंथरलेलं घोंगडं, काठी, लांडगे, एकही न गेलेलं कोकरू, सगळं दगडाबाईच्या डोळ्यांपुढून गेलं. गावभर मिरवलेला लेकाचा गुण!

डॉक्टरणबाई आता मात्र चिडली. "तीन वर्षं रानात पेरणी नाही, आणि पीक का आलं नाही म्हणून तुम्ही जमिनीवर फिर्याद घेऊन आलात?" तिनं दाराबाहेर बघितलं. सिद्धू व्हरांड्याच्या खांबाशी उभा होता. "त्याला घेऊन जा आणि आधी त्याला विचारा. आणि तू ऐक गं," ती हरणाला म्हणाली, "दिवस राहिले तर पहिल्या महिन्यातच इथं यायचं. एका बाजूला कळ आली, घेरी आली, तर त्याच दिवशी. पुन्हा तसंच नळीत राहू शकतं. घाबरायचं नाही, पण उशीर करायचा नाही. समजलं?"

हरणा म्हणाली, "समजलं." तीन वर्षांत तिच्याशी कुणी एवढं सरळ बोललं नव्हतं.

दवाखान्याच्या आवारात एक चिंच होती. तिच्या सावलीत दगडाबाईनं लेकाला गाठलं. आता तिचा सगळा संशय फिरून त्याच्यावर आला होता आणि तो जुना असल्यासारखा जोरात होता. "खरं सांग. कुंडलमदी कोन हाय? कोन ठेवलीयास? त्या जतच्या पोरीला आदीच बगून आलायस व्हय? नानासोनं फूस दिली?"

"न्हाई, आई."

"मग बायकूपासनं लांब का झोपतोस? तिचा ईट आलाय? पोट फाडलं म्हनून किळस येती?"

सिद्धूनं हरणाकडे बघितलं आणि लगेच नजर काढली. "किळस न्हाई. माजं रगत हाय तिच्यात. मी बगितलंय जाताना." त्यानं कोपराच्या आत बोट टेकवलं. "भन झाली ती माजी. भनीजवळ कसा जाऊ? पाप लागंल. आनि पोर झालं तर ते कसलं हुईल, आंदळं, पांगळं? म्हनून मी म्हनलं, सोडायची न्हाई तिला. माहेरी बी धाडायची न्हाई. दुसरी आली तरी हिला भन म्हनून जलमभर संभाळीन."

"असलं खूळ कुनी भरवलं तुज्या डोस्क्यात?" दगडाबाई किंचाळली. दोन-चार माणसं वळून बघायला लागली. "कोन त्यो? नाव सांग! जीब हासडते त्याची!"

सिद्धूला खरंच आश्चर्य वाटलं असावं.

"तूच की," तो म्हणाला.

दगडाबाईला आधी कळलं नाही. मग कापसाचा बोळा आठवला. फडक्यात बांधलेली भाकरी आठवली. खो खो हसणारी माणसं आठवली, आणि त्यांत एक न हसणारं तोंड. तीन वर्षं ती डॉक्टरणीवर, सरकारवर, सुनेच्या न्हाण्यावर आणि आता लेकावर डूख धरून फिरली होती, आणि चोर तिच्याच दातांच्या आत बसला होता. ती चिंचेच्या मुळीवर बसली. तिला लाज वाटली. अशी लाज तिला कधी वाटली नव्हती, आणि तिचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं.

"आरं, मस्करी हुती ती," ती हळू म्हणाली. "आरं खुळ्या, हरणी कोन हाय? माज्या भावाची लेक. तुज्यात रगत माजं, तिच्यात माज्या भावाचं. आमी दोगं एका आईच्या पोटचं. लगनाच्या आदीपासनंच एका रगताची हायसा की तुमी! म्हनून तर केली तिला. पिढ्यान्‌पिढ्या अशीच करत्यात, नि सगळ्यांची पोरं धडधाकट हायत. बाटलीभर रगतानं काय नवं व्हनार हाय?"

सिद्धू विचार करायला लागला. त्याचा चेहरा हळूहळू सुटत गेला. नांगराला अडलेला दगड निघाल्यावर बैल पुढं सरकतो तसा. "व्हय की," तो म्हणाला. "ह्ये मला सुचलंच न्हाई." आणि तो हसला. खरोखर हसला.

हरणा हसली नाही. ती इतका वेळ दोघांच्या मधे उभी होती, जणू बाजारात भाव चाललेली मेंढी. आता ती बोलली, आणि आवाज मोठा नव्हता.

"मला वाटलं, माज्या अंगाला दवाखान्याचा वास येतोय."

कुणाला काही कळलं नाही.

"पोटातनं वास येतोय म्हनून तुमी लांब झोपताय, असं वाटलं मला. रोज न्हायले. लिंबानं घासलं. कातडं निगालं तरी घासलं. थंडीत बी. वास काय जाईना, कारन वास न्हवताच." ती सिद्धूकडे बघत होती. "तुमी योक डाव तरी सांगायचं. आनि आत्याबाई, तुमी माज्यामागं झुडपात बसून बगितलंसा, बनाबाईच्या घरात जाऊन बगितलंसा. तिचा वण बगायला च्या पिऊन आलासा, तिनंच सांगितलं मला. मला काय झालंय, ह्ये मला योक डाव इचारायचं हुतं."

सिद्धूचं हसू गेलं. येताना एस.टी.त दगडाबाईला तो कडवट वास आला होता, तो तिनं नाकात भरून घेतला होता, आणि तरी तिच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं.

परत येताना हरणा खिडकीशी बसली. सिद्धू तिच्या शेजारी बसायला गेला. तिनं पिशवी मधे ठेवली. तो उभा राहिला, कुंडलपर्यंत.

दिवस बुडायच्या बेताला तिघं तळावर पोचली. मेंढरं रानातून परत येत होती, धूळ उडत होती. नानासो वाटच बघत होता. बाकीचीही माणसं जमली, तीन वर्षांपूर्वी जमली होती तशीच.

"काय म्हनला दवाखाना?" नानासोनं विचारलं. "दोष कुनात निगाला? पोरीत का पोरात?"

दगडाबाईला पळवाटा पुष्कळ होत्या. डॉक्टरणीचं नाव घेता आलं असतं. सरकारचं घेता आलं असतं. त्याला कुणी नाही म्हटलं नसतं.

"माज्यात," ती म्हणाली.

"आं?"

"माज्या जिबंत. मी योकदा बोलले ते पोरानं खरं धरलं. तवा तुमी बी हसला हुतासा, भावजी. त्या जतच्या मानसांना निरोप धाडा, लगीन न्हाई म्हनून. हरणीला वांझ म्हनायचं झालं तर आदी माज्या तोंडावर म्हना."

नानासो काही बोलणार होता, पण तिनं वाट बघितली नाही. ती सिद्धूच्या अंथरुणाकडे गेली, त्याचं घोंगडं आणि काठी उचलली आणि वाघरीच्या पलीकडे जाऊन मेंढरांजवळ बसली. कुत्र्यानं आधी तिचा वास घेतला, मग तिच्या पायाशी पडलं.

सिद्धू रिकाम्या हातानं हरणाच्या चुलीपाशी उभा राहिला. बसावं की नाही, त्याला कळेना. हरणानं पिशवी ठेवली, पदर खोचला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उभं का ऱ्हायलाय? चूल पेटवा. मी दमलीया आज."

आमच्यात पुरुषानं चूल पेटवायची रीत नाही. सगळा तळ बघत होता. सिद्धू खाली बसला आणि फुंकर मारायला लागला. धूर डोळ्यांत गेला, तरी तो उठला नाही. जाळ लागल्यावर हरणा पाण्याचा हंडा घेऊन आली. दगडाबाई लांबून बघत होती, आता हे पाणी न्हायला तापवायचं की काय. हरणानं ते सगळं पाणी भाताच्या भांड्यात ओतलं आणि हंडा पालथा घातला.